नोंदवही आणि उभी रेघ

पन्नाशी ओलांडल्यावर मी युनिक्सच्या शेलची विद्या हाती घेतली. ‘फादर, ह्या वयात हे कशाला?’ असे अनेकांनी विचारले. कारण साधे होते. आमच्या धर्मग्रामाच्या जुन्या बाप्तिस्मा-नोंदवह्या स्वयंसेवकांनी संगणकात उतरवल्या होत्या. त्या तपासायच्या कशा? परदेशी विवाह ठरलेल्या मुलामुलींना दाखला हवा असतो. नावातील एका वेलांटीपायी नोंद सापडली नाही, तर घरभर काळजी पसरते.

शेल म्हणजे माणूस आणि यंत्र ह्यांच्यामधला दुभाषा. आपण टंकलेली ओळ तो वाचतो, तिचे शब्द पाडतो आणि ज्याचे काम त्याच्याकडे सोपवतो. अशा ओळी एका फाइलीत क्रमाने लिहून ठेवल्या की झाली स्क्रिप्ट. हाताखालचे कामगार मात्र अगदी एकमार्गी. ‘ग्रेप’ शोधतो, ‘कट’ हवा तो रकाना कापून देतो, ‘सॉर्ट’ क्रम लावतो. त्यांना जोडते ती पाइप नावाची उभी रेघ. बागेतील नळीला नळी जोडावी तसे प्रोग्रॅम जोडता यावेत, हा विचार अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या डग मॅकिलरॉय ह्यांनी १९६४ साली एका टिपणात मांडला होता; केन थॉम्पसन ह्यांनी तो युनिक्समध्ये उतरवला १९७३ साली. एवढ्याशा रेघेला नऊ वर्षे लागली!

आडनावांचा रकाना कापायचा, त्याचा क्रम लावायचा आणि ‘युनिक’कडून प्रत्येक आडनाव किती वेळा आले ते मोजून घ्यायचे. येथे क्रम आधी लावावाच लागतो, कारण युनिक फक्त लागून आलेल्या ओळींची तुलना करतो. दूरचे सारखेपण त्याला दिसत नाही. मग त्या आकड्यांचा पुन्हा क्रम लावला की एकेकदाच आलेली नावे वर येतात. लोपीस, लोपिस, लोपेस: आपल्या कानाला एकच घराणे, यंत्राला तीन.

मला शिकवणारा तरुण उत्साहाने म्हणाला, ‘फादर, सेडची एक ओळ लिहू, सगळे लोपीस होऊन जातील.’ होतील, हे खरेच. पण मूळ शाईत जे लिहिले आहे, तेच कोणाच्या तरी पारपत्रावर आहे. हजारो माणसांची नावे एका क्षणात बदलण्याची सोय आहे म्हणून तो अधिकार आपल्याकडे येत नाही. आमची स्क्रिप्ट म्हणून काहीही दुरुस्त करत नाही. संशयास्पद नोंदी, वहीचा क्रमांक आणि पान एवढीच यादी ती काढते. पुढचे काम डोळ्यांचे.

शेल कोणाला ‘खात्री आहे ना?’ असे सहसा विचारीत नाही. फाइलीच्या नावात मोकळी जागा असेल आणि ते अवतरणचिन्हांत नसेल, तर एका नावाची दोन होतात. पुसण्याची आज्ञा असेल तर भलतीच फाइल जाते, आणि गेलेली कचरापेटीतही मिळत नाही. म्हणून पुसणाऱ्या आज्ञेआधी ‘एको’ हा शब्द लावावा. शेल काय करणार आहे ते नुसते छापून दाखवतो. (सेमिनरीत तर्कशास्त्र शिकलेल्यास एक गंमत: ‘इफ’ने उघडलेली अट येथे ‘फाय’ने, म्हणजे तोच शब्द उलटा लिहून, मिटवतात.)

यादी आता आटोक्यात आली आहे. तीन नोंदींवरचा कागद मात्र वाळवीने खाल्ला आहे. त्या घरांतील वडीलधाऱ्यांना भेटायला ह्या रविवारी दुपारी जायचे आहे.