बिनदाराचा श्वास

शिंगणापूरला शनिदेव उघड्यावर उभे आहेत. ऊन, पाऊस, उसाच्या गाड्यांनी उडवलेली धूळ, सगळं अंगावर. पानसनाल्याच्या पुरात शिळा वाहत आली, गुराख्याने काठी टोचली तर रक्त आलं, मग दृष्टान्त झाला आणि देवाने छप्पर नको म्हणून सांगितलं, ही कथा इथलं शेंबडं पोरही सांगतं. देवाला छप्पर नाही म्हणून घरांना दारं नाहीत. चौकट असते, तिला कवाड नसतं. रात्री कुत्रं शिरू नये म्हणून फळी टेकवतात, तेवढाच बंदोबस्त. येणारा बाहेरून हाक मारतो आणि आत येतो. कडी वाजवायला कडीच नाही.

आत्याच्या अंगणात गाडीचं बॉनेट उघडून बसलो होतो तेव्हा जाणवलं, डिझेलचं इंजिन मूळचं शिंगणापूरकर. पेट्रोलच्या इंजिनाला श्वासाच्या वाटेवर एक झडप असते. ॲक्सिलरेटर दाबला की ती उघडते, सोडला की मिटते. हवा किती घ्यायची ते ती ठरवते. जुन्या घडणीच्या डिझेल इंजिनाला अशी झडपच नव्हती. वाट सताड उघडी. जोर कमी-जास्त करायचा तो डिझेल कमी-जास्त सोडून. हवेला कुणी अडवत नाही. शेतातला जुना ट्रॅक्टर आजही असाच श्वास घेतो. आत काय आलं, किती आलं, याची त्याला पर्वा नसते, आणि चढाला लागला की तो काळा धूर ओकतो तो त्या बेपर्वाईमुळेच.

धुराचे कायदे आले आणि हवेची मोजदाद आली. एअर फिल्टरच्या डब्यातून निघालेल्या नळीवर, टर्बोच्या अलीकडे, बोटभर लांबीचा एक प्लॅस्टिकचा तुकडा बसला. त्याला मास एअर फ्लो सेन्सर म्हणतात, गॅरेजात ‘एअर फ्लो’ एवढंच. त्याची युक्ती मला फार आवडते. एक बारीक तार, पहिल्या पिढीत चक्क प्लॅटिनमची, विजेने तापवून हवेच्या झोतात उघडी ठेवायची. हवा तिला गार करते. ती गार होऊ नये म्हणून जितकी जास्त वीज द्यावी लागते, तितकी हवा गेली असं समजायचं. तापलेली तार वाऱ्यात किती उष्णता गमावते याचा हिशेब मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या लुई किंग यांनी १९१४ साली मांडला; मोटारींत ही तार बॉश कंपनीने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आणली. त्या काळच्या तारेवर धूळ बसे, म्हणून गाडी बंद केली की कॉम्प्युटर तिला सेकंदभर हजार अंशांपर्यंत लालबुंद करून कचरा जाळून टाकत असे. आता तारेच्या जागी काचेसारखा एक पातळ पापुद्रा आला आहे. उभा मात्र तोही वाऱ्यातच राहतो.

आणि मोजायचं ते वजन. हवेला वजन असतं हे शाळेत घोकलं तरी खरं वाटत नाही. पण १३०० सीसीचं इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे फिरत असेल तर, टर्बोचा दाब सोडून दिला तरी, ते मिनिटाला १३०० लिटर हवा ओढतं. तिचं वजन दीड किलोच्या आसपास भरतं. मे महिन्याच्या चाळीस अंशांत तीच १३०० लिटर हवा पौषातल्या पहाटेपेक्षा दहा टक्क्यांनी हलकी. इंजिनाला आकारमानाशी कर्तव्य नाही. जळणाला प्राणवायू किती मिळाला तेवढं त्याला कळायला हवं.

याहून नाजूक काम पुढेच आहे. जळून गेलेल्या धुराचा काही भाग परत इंजिनात सोडतात, म्हणजे आतली आग थोडी थंडावते आणि विषारी नायट्रोजन ऑक्साइडं कमी होतात. तो परतलेला धूर थेट मोजत नाहीत. सिलिंडरात एकूण किती मावतं ते ठाऊक असतं. ताजी हवा किती आली ते सेन्सर सांगतो. जितकी कमी पडली तितकी जागा धुराने घेतली. जी आली नाही तिच्यावरून जो आला आहे तो ओळखायचा.

आमची गाडी ओढत नव्हती. घोडेगावच्या कांदा बाजाराकडून गावाकडे वळलं की तिसऱ्या गिअरलाही रडायची. हंगामात हा भाग म्हणजे धूळ आणि उसाचं पाचट. त्या पापुद्र्यावर धुळीचा थर बसला की तो हवेने नीट गार होत नाही. मग हवा कमी आली असं तो सांगतो आणि कॉम्प्युटर इमानदारीने डिझेल कमी सोडतो. फिटर लोकांची यावरची परीक्षा साधी आहे: सेन्सरचा सॉकेट काढा आणि एक चक्कर मारून या. पुतण्याने तेच केलं. गाडी पळाली. सेन्सर मुका झाला की कॉम्प्युटर आपल्या जवळचे ठोकताळे वापरतो, आणि ते ठोकताळे त्या सेन्सरच्या साक्षीपेक्षा बरे निघाले. म्हणून नवा सेन्सर घेताना डुप्लिकेट माल घेऊ नये, तोही असंच खोटं बोलू शकतो. मेलेला सेन्सर कॉम्प्युटरला पकडता येतो. चुकीचं पण पटण्याजोगं बोलणारा पकडता येत नाही.

गावाचंही मला असंच वाटतं. चोराला शनिदेव आंधळं करतात, त्याला गावाची वेस ओलांडता येत नाही, हे मी ऐकत आलो. श्रद्धेशी मी वाद घालत नाही. पण बिनदाराचं घर टिकतं ते गल्लीत कोण आलं, कोण गेलं याची नोंद सगळ्यांच्या डोळ्यांत असते म्हणून, असं माझं मत. शनिअमावास्येला लोटणारी गर्दी या नोंदीत मावत नाही. इंजिनातही हेच होतं: सेन्सरच्या पुढे नळीला चीर पडली की मोजलेली आणि आत पोचलेली हवा जुळेनाशी होते. २०१० साली एका भाविकाने गाडीतून ऐवज गेल्याची तक्रार केली, तेव्हा गावात केवढी खळबळ झाली. २०११ला युको बँकेने बिनकुलपाची शाखा उघडली, तिलाही काचेचं दार ठेवावं लागलं. २०१५ला पोलीस ठाणं आलं. दार नको असेल तर गणती चोख लागते, आणि गणती आता गावाच्या हातात उरली नाही.

सेन्सर बदलायचं काम अर्ध्या तासाचं. किल्ली काढून ठेवायची, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची, सॉकेटची खिटी दाबून तो ओढायचा. वायरला धरून ओढायचा नाही. मग दोन स्क्रू. ते चांदणीच्या खाचेचे, आणि खाचेच्या मधोमध एक खुंटी, साधा पाना बसूच नये म्हणून. कुलूप नसलेल्या गावात मला भेटलेलं हे एकमेव कुलूप. त्याची किल्ली कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते हे सोडा. जुना सेन्सर काढला की नळी आतून बघावी, फिल्टरचा डबा कोरड्या फडक्याने पुसावा. नवा बसवताना बाण इंजिनाकडे, रबरी रिंग जागेवर, आणि पापुद्र्याला बोट लावायचं नाही. बोटाचं तेलही त्याला चालत नाही. चौथऱ्यावर देवाला तेलाची धार आणि इथे तेलाच्या थेंबाचं वावडं, पुतण्या म्हणाला, “काका, हा काय आपल्या गावचा नाय.”

अडलं ते नळीच्या क्लिपेपाशी. तिचे आटे गेले होते, फिरवली की नुसती फिरायची. सैल नळी म्हणजे पुन्हा गणतीबाहेरची हवा. मी पाकीट खिशात घालून निघालो तर आत्या ओट्यावरून म्हणाली,

“कुठं निघालास?”

“क्लिप आणतो, आत्या. सोनईला मिळेल.”

“लोखंडाची ना? आज शनवार हाये. लोखंड इकत घ्यायचं नसतं.”

“अगं, स्टीलची असते ती.”

“स्टील म्हंजी काय रं, सोनं?”

यावर मला उत्तर नव्हतं. सेन्सर गुरुवारी नगरहून आणलेला, शिवाय प्लॅस्टिकचा, त्यामुळे तो सुटला होता. आत्या पडवीत गेली, विहिरीवरच्या मोटारीच्या पाइपांच्या ढिगात थोडा वेळ खुडबुडली आणि एक गंजकी क्लिप घेऊन आली. अडीच इंची पाइपाची, बरोब्बर बसली. पुतण्याने स्कॅनर लावून कॉम्प्युटरमधला बिघाडाचा जुना कोड पुसला. घोडेगावपर्यंत जाऊन आलो. तिसऱ्या गिअरला गाडी अशी सुटली की रसवंतीचे बैल मागे कधी पडले कळलं नाही.

आत्याला गाडीच्या पिकअपचं कौतुक नव्हतं. “आता पाण्याच्या पाइपाला मी काय लावू?” एवढंच तिने विचारलं. सोमवारी दोन क्लिपा आणून देण्याचं कबूल करून सुटलो.