फणसाच्या भाजीचे एवढे पैसे?

लातूर

चि. सोनूस,


हैदराबादहून बँकॉकला जायचं ठरलं, तिकिटं निघाली आणि आता तुम्हा दोघांचं घोडं तिथल्या 'गा' या हॉटेलापाशी अडलंय. गरिमा अरोरा या मुंबईत वाढलेल्या बाईंचं ते हॉटेल. २०१८ साली हॉटेलं जोखणाऱ्या मिशलिन पुस्तिकेचा तारा मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. २०२३च्या अखेरीस दुसराही तारा मिळाला. जावईबापूंचं म्हणणं असं की, कच्च्या फणसाला रोटी-लोणच्याची जोड देऊन कुणी एवढे पैसे घेत असेल तर ती लूट आहे, तेवढ्यात नांदेडात अख्खी भिशी जेवेल. त्यांचा हिशेब बरोबर आहे, फक्त त्यात एक रकाना भरायचा राहिलाय.

तो रकाना मजुरीचा. बाहेरच्या जेवणाची किंमत आपण नेहमी जिनसांवरून काढतो. डाळ एवढ्याची, तेल एवढ्याचं, मग बिल एवढं कसं? घरात हाच हिशेब चालतो ना, म्हणून. आमटीत घालायचं येसरच घे. धने वेगळे भाजायचे, हरभऱ्याची डाळ वेगळी, गहू वेगळे, मिरच्या अगदी शेवटी, नाहीतर ठसक्याने घरात बसवत नाही. प्रत्येकाची आच निराळी. डाळीचा रंग फिरला की लगेच खाली उतरवायची. हात जरा रेंगाळला तर वर्षभर आमटी कडवट. एवढं करून गिरणीवाल्याला दळणाचे रोख पैसे मिळतात आणि भाजणारीला काही नाही. २०२४ साली आपल्या जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला, पानचिंचोलीच्या चिंचेला आणि कास्तीच्या कोथिंबिरीला भौगोलिक मानांकन मिळालं. छान झालं. पण ही डाळ, चिंच नि कोथिंबीर ज्या हातांनी एका पातेल्यात येते, ते हात अजून कुठल्याच वहीत चढलेले नाहीत. बँकॉकच्या त्या हॉटेलात ते बिलावर चढतात. टेबलं मोजकी, आत निवडणारे, चिरणारे, मुरवणारे, भाजणारे सगळे कामाला लावलेले, त्यांचे दिवसभराचे तास तेवढ्याच ताटांवर वाटले जातात. फणस महाग नाही गं, फणस सोलणारा महाग आहे.

यावर जावईबापू म्हणतील, पैसे झुंबराचे नि पांढऱ्याशुभ्र नॅपकिनांचे असतात. थोडे असतातही. पण त्याच बँकॉकमधल्या जय फाय बाईंचं काय करायचं? रस्त्याकडेचं साधं दुकान, कोळशाची शेगडी, तेल उडू नये म्हणून डोळ्यांवर वेल्डरसारखा गॉगल. सत्तरी ओलांडल्यावरही कढई त्यांच्याच हातात राहिली. २०१७च्या डिसेंबरात बँकॉकची पहिली मिशलिन पुस्तिका निघाली, तिच्यातच त्यांना तारा मिळाला. त्यांच्या खेकड्याच्या आम्लेटला हजार बाटच्या वर पडतात. खेकड्याचं मांस भरपूर असतं, कबूल. पण एकाच बाईने सगळ्यांसाठी तळायचं म्हटल्यावर रांग लांबणार आणि भाव चढणार. झुंबर तिथे औषधालाही नाही.

मग सिंगापूरच्या चॅन हॉन मेंग यांना कसं परवडलं, असा प्रश्न येईल, आणि तो रास्त आहे. त्यांच्या खाऊगल्लीतल्या गाळ्याला २०१६ साली तारा मिळाला तेव्हा कोंबडी-भाताची बशी दोन-तीन सिंगापुरी डॉलरला मिळत होती. मला तर त्यात माझंच म्हणणं दिसतं. मालक स्वतःच आचारी असला की, जय फाय बाईंसारखा अपवाद सोडला तर, स्वतःचे तास कोण धरतो? पुढे शाखा निघाल्या आणि २०२१ साली तारा गेला. तुमच्या नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यातला लंगर मात्र यात धरू नकोस. तिथे रोट्या लाटणारी बाई सेवा म्हणून, जाणूनबुजून लाटते. घरातल्या बाईला तसं कुणी विचारलेलं नसतं.

सगळ्यात अवघड आक्षेप वेगळाच आहे, आणि तो जावईबापूंना सुचला नाही म्हणून मीच काढते. ही नावाजलेली हॉटेलं तरी मजुरी देतात का? कोपनहेगनचं नोमा जगात पहिलं म्हणून गाजलं, गरिमा अरोराही तिथे काम करून आल्या. तिथे शिकाऊ पोरं वर्षानुवर्षं बिनपगारी राबली. २०२२च्या ऑक्टोबरपासून त्यांना पगार सुरू झाला आणि २०२३च्या जानेवारीत मालकाने जाहीर केलं की, हे हॉटेल असं चालवणं आता परवडत नाही. म्हणजे सासुरवास तिथेही होताच. म्हणून सगळी महाग हॉटेलं न्यायाची, असं मी म्हणणार नाही. मजुरी खरोखर मोजली तर एका ताटाची किंमत कुठे जाते, याचा अंदाज मात्र नोमावरून येतो.

ताऱ्यांना फार भाव देऊ नकोस. थायलंडच्या पर्यटन खात्याने मिशलिनला पाच वर्षांसाठी सुमारे १४ कोटी ४० लाख बाट मोजले, तेव्हा पुस्तिका बँकॉकला आली. भारतात ती निघतच नाही, त्यावरून आपल्या आचाऱ्यांची लायकी ठरत नाही.

पोट भरेल का, म्हणून विचारलंस. भरेल. चमचा-चमचा करत दहा-बारा पदार्थ होतात. काय वाढायचं ते यजमानाने ठरवायचं, ही रीत आपल्या पंगतीला काही नवी नाही. आग्रह तेवढा मिळणार नाही. वांगं चालत नाही, शाकाहारी आहोत, जे असेल ते टेबल राखतानाच कळव, ऐनवेळी त्यांची पंचाईत करू नकोस. आणि फणस कुणी, किती वेळ भाजला, ते वाढणाऱ्याला विचारून ये. जावईबापूंसमोर विचार.

येसर संपत आलं असेल. पुढच्या आठवड्यात नांदेडला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती डबा देते. भाजायला किती तास लागले, ते या वेळी झाकणावर चिठ्ठी चिकटवून लिहिणार आहे.

तुझी,
मावशी