गाडीतलं पाणी आणि बांधातलं बीळ

आजची नोंद पिकाची नाही, गाडीची आहे. पण शेवट बियाण्यापाशीच होतो, म्हणून इथेच लिहितोय.

मृगाच्या पहिल्या दोन सरी झाल्या आणि डाव्या सीटच्या मागे ठेवलेली 10 किलो भाताच्या बियाण्याची पिशवी सकाळी खालून ओलसर लागली. गाडी 2007 सालची. खत, रोपं, फवारणीचा पंप, सगळं हीच वाहते. आमच्या करंजाडेत गाडीला शेड कुणाकडे? रस्त्याकडेला झाडाखाली उभी, वर पनवेलचा पाऊस.

आधी पाणी कसलं ते ओळखायचं. पाऊस नसताना एसी चालवल्यावर पुढे डाव्या पायाशी स्वच्छ पाणी साचत असेल, तर एसीची निचऱ्याची नळी तुंबलेली. पाणी चिकट, गोडसर वासाचं आणि रंगीत असेल, तर ते हीटरमधलं कूलंट. ते चाखून बघू नका, विषारी असतं. फक्त पावसानंतरच ओल दिसली, तर बाहेरून शिरतंय. आमचं तिसरं.

गॅरेजवाला म्हणाला, दरवाजांची रबरं बदला. मी म्हटलं, थांबा. भाताच्या बांधाला खेकड्याचं बीळ पडलं की पाणी खालच्या खाचरात भलतीकडेच फुटतं, तोंड असतं वर. गाडीचंही तेच. पाणी दिसतं तिथे शिरत नाही, सखल भागाला जाऊन थांबतं. गाडीचं तोंड चढाला होतं, म्हणजे पुढचं पाणी मागे आलेलं असू शकतं.

मॅट उचललं. वरून कोरडं, पण खालचा फोम पिळला तर धार. तो सुकवून कोरडे कागद अंथरले. मग मुलगा आत टॉर्च घेऊन बसला आणि मी बाहेर पाइप धरला. पाणी हळू सोडायचं, जोराचा फवारा नको. फवारा मारला की नसलेली गळतीही दिसते. सुरुवात खालून, मग वर. एका जागी पाच मिनिटं. वरून सुरू केलं तर सगळंच भिजतं, काही कळत नाही.

मागचा दिवा कोरडा. डिकी कोरडी. दरवाजाच्या रबरावर रांगोळीची पूड लावली होती, पाणी ओलांडलं असतं तर ओघळ उठला असता. पूड जशीच्या तशी. पुढच्या काचेच्या खाली, वायपरपाशी पाणी सोडलं आणि चौथ्या मिनिटाला मुलगा ओरडला, "बाबा, डॅशबोर्डखालून!"

वायपरच्या जाळीखाली एक पन्हळ असते. काचेवरचं पाणी तिथे जमतं आणि दोन्ही कडांच्या भोकांतून चाकाच्या बाजूला उतरतं. पानं आणि बांधकामाची धूळ मिळून तिथे चिखलाचा बूच बसला होता. मग पन्हळ भरते आणि पाणी ब्लोअरच्या हवेच्या तोंडातून आत येतं. जाळी काढून चिखल हाताने उपसला, भोकात ग्रासकटरची नायलॉन दोरी फिरवली. तार घालू नका, रंग खरवडला की गंज धरतो. बदलायचा एकही भाग निघाला नाही.

तुमच्याकडे कारण वेगळं असू शकतं. दरवाजाच्या आतल्या पत्र्यावर प्लॅस्टिकचा कागद असतो. स्पीकर बसवताना तो फाटला की पाणी आत येतं. ब्युटाइल टेपने परत चिकटवायचा. दरवाजाच्या तळाची भोकं मोकळी ठेवा. काच चिकटवलेली असेल आणि तिथून गळत असेल, तर पॉलियुरेथेन सीलंटच हवं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्र्याला लावू नका, त्याने गंज लागतो.

गळती थांबली तरी काम संपत नाही. फोम ओला राहिला तर पत्रा खालून सडतो आणि काच आतून धुरकटते. पळस्पे फाट्यावर रात्री कंटेनर समोर असताना धुरकट काच म्हणजे जिवाशी खेळ. उघाडीच्या दिवशी फोम उन्हात पूर्ण वाळवा. गंजाला तारेचा ब्रश, मग प्रायमर, मग रंग. सीटखालची वायर काढायची असेल तर आधी बॅटरी सोडा.

आता बियाणं. साध्या पिशवीतल्या प्रमाणित भाताला ओलावा जास्तीत जास्त 13 टक्के आणि उगवण किमान 80 टक्के लागते. ओलसर पिशवीतले 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले, 61 उगवले. दुसऱ्या पिशवीतले 92. ओलसर पिशवी राबाला वापरली नाही. असं बियाणं पेरलं असतं तर राब विरळ झाला असता आणि लावणीच्या वेळी शेजाऱ्याकडे रोपं मागावी लागली असती.

पुढचा मोठा पाऊस यायच्या आत एकदा वायपरखाली हात घालून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.