दोन फटफट्या आणि एक घाट

पंचवीस वर्षे आमच्या घरात फटफटीचे नाव काढायची सोय नव्हती. १९९९ च्या पावसाळ्यात आमचे थोरले बंधू, म्हणजे घरातल्या सगळ्यांचे दादा, मंचरहून पुण्याला येताना खेडच्या घाटात पडले. ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर चिखल आणून टाकला होता. वळणावर अचानक बैल आडवा आला. दादांनी ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबले, पण गाडी काही थांबली नाही. दादा वाचले, डावा गुडघा मात्र पुरता वाकेनासा झाला. वहिनींना तेव्हा सहावा महिना होता. दादा इस्पितळातून घरी येण्याच्या आत त्यांनी ती फटफटी भंगारवाल्याला देऊन टाकली, आणि तो विषय संपला.

संपला असे आम्हांला वाटत होते. पण वहिनींच्या पोटात तेव्हा असलेले चिरंजीव यथावकाश चोवीस वर्षांचे झाले, इंजिनिअर झाले, चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला लागले, आणि २०२४ च्या नवरात्रात एके दिवशी जेवणाच्या ताटावर त्यांनी जाहीर केले, "मी मोटारसायकल घेणार."

"कसली?" वहिनींनी विचारले.

"नेकेड."

वहिनींच्या हातातली आमटीची पळी तशीच राहिली. मी मराठीचा प्राध्यापक. शब्दांची भांडणे सोडवणे हाच माझा व्यवसाय. मी घाईघाईने खुलासा केला, की या जगात 'नेकेड' म्हणजे जिच्या अंगावर प्लॅस्टिकचे आच्छादन नाही, जिचे इंजिन, सांगाडा, नळ्या सारे उघड दिसते अशी गाडी. शर्यतीच्या गाडीसारखे तिच्यावर ओणवे व्हावे लागत नाही. माणूस बऱ्यापैकी ताठ बसतो. वारा मात्र थेट छातीवर घ्यावा लागतो.

पुतणेरावांनी दोन गाड्या हेरून ठेवल्या होत्या. एक केटीएमची ३९० ड्यूक, दुसरी ट्रायम्फची स्पीड ४००. कोणती घ्यावी हे त्यांचे ठरत नव्हते, आणि घ्यावीच की नाही हे वहिनींचे ठरलेले होते. शेवटी त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही स्वतः चालवून बघा. तुम्ही हो म्हणालात तर मी नाही म्हणणार नाही." दादा काहीच बोलले नाहीत. ताक पिऊन उठले आणि पाय ओढत आपल्या खोलीत गेले.

गंमत अशी की तरुणपणी दादांचीच फटफटी चोरून चालवायला शिकलेला मी, गेली वीस वर्षे स्कूटरवर कॉलेजला जातो. एवढ्या भांडवलावर मी न्यायाधीश झालो. पुतण्याच्या दोन मित्रांनी आपापल्या गाड्या एका दिवसासाठी दिल्या, आणि दसऱ्यानंतरच्या एका रविवारी पहाटे आम्ही काका-पुतणे नाशिक रस्त्याला लागलो. बेत माळशेज घाटाचा. जायचे सव्वाशे किलोमीटर आणि तेवढेच परत.

पहिला मुक्काम चाकण. वाचकांपैकी पुष्कळांना चाकण म्हटले की कांद्याचा बाजार आठवेल. इतिहासाची आवड असणाऱ्यांना संग्रामदुर्ग आठवेल. १६६० साली शाहिस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढे फिरंगोजी नरसाळा या मातीच्या भुईकोटात जवळजवळ दोन महिने टिकून राहिला. आज कोटाच्या थोड्या भिंती आणि खंदकाच्या खुणा उरल्या आहेत, आणि सभोवार कारखान्यांची नगरी उभी राहिली आहे. आम्ही कोटाजवळ दोन्ही गाड्या उभ्या केल्या तेव्हा पुतण्या म्हणाला, "काका, या दोघी माहेरी आल्या बरं का!"

आणि ते खरेच होते. केटीएम ही ऑस्ट्रियातल्या मात्तिगहोफेन गावची. ट्रायम्फ ही इंग्लंडची. न्यूरेंबर्गहून आलेल्या एका जर्मन माणसाने कॉव्हेंट्रीत काढलेल्या या कंपनीची पहिली मोटारसायकल १९०२ ची. बजाजने २००७ साली केटीएममध्ये भांडवल घातले, २०२० साली ट्रायम्फशी करार केला, आणि या दोन्ही घराण्यांच्या या लहान गाड्या चाकणलाच तयार होऊ लागल्या. नावे परदेशी, जन्म खेड तालुक्यातला! आम्ही नेलेली स्पीड आणि नव्या घडणीची ड्यूक, दोघीही २०२३ साली काही महिन्यांच्या अंतराने बाजारात आल्या होत्या.

कागदावर पाहिले तर दोघी सख्ख्या बहिणी वाटाव्यात. दोघींचे इंजिन एकाच सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे, ३९८ सीसीच्या घरातले. दोघींना सहा गिअर, पुढे-मागे डिस्क ब्रेक. पण ड्यूकची ताकद ४६ पीएस, तर स्पीडची ४०. ड्यूकचे वजन १६८ किलो, स्पीडचे १७६. ड्यूकची टाकी १५ लिटरची, स्पीडची १३. स्पीडची सीट जमिनीपासून ७९० मिलिमीटरवर, ड्यूकची त्याहून उंच. रूप पाहाल तर ड्यूक म्हणजे कोनाकोनांची, नारिंगी रंग मिरवणारी. तिच्या हँडलवर मोबाईलसारखा रंगीत पडदा. स्पीडचा दिवा जुन्या पद्धतीचा गोल, आणि वेग दाखवायला चक्क काटा. मला हा काटा फार बरा वाटला. वयाचा परिणाम, दुसरे काय!

चाकणच्या चौकातली गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी काय सांगू? ट्रक, कंटेनर, कामगारांच्या बसगाड्या आणि त्यांच्यामधून वाट काढणारी दुचाकींची रांग. रविवार असूनही अर्धा तास आम्ही मुंगीच्या पावलांनी सरकत होतो. तिथे पहिला धडा मिळाला. मी स्पीडवर होतो. तिचे इंजिन कमी वेगातही कुरकुर न करता ओढत होते. गिअर सारखा बदलावा लागत नव्हता. सीट खाली असल्याने माझे दोन्ही पाय जमिनीला टेकत होते, आणि पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला पाय टेकण्याइतका मोठा आधार नाही. पुतण्या ड्यूकवर होता. ती गर्दीत जणू लगाम चावत उभी होती. तिला मोकळा रस्ता हवा होता.

खेडला, म्हणजे आताच्या राजगुरुनगरला, भीमा ओलांडली. हुतात्मा राजगुरूंचे हे जन्मगाव. पुढे नवे बाह्यवळण झाले आहे, पण मी पुतण्याला जुन्या घाटाने घेतले. एका वळणावर थांबलो. जागा मला नेमकी आठवत होती, एम.ए.चा अभ्यास टाकून मी त्या दिवशी इथे धावत आलो होतो. आता तिथे कठडा झाला आहे. पुतण्या बराच वेळ त्या वळणाकडे पाहत उभा राहिला. त्याने ही जागा आजवर पाहिली नव्हती. आमच्या घरात ती कोणी कोणाला दाखवलीच नव्हती.

मग तो म्हणाला, "काका, बाबांच्या गाडीला एबीएस असतं तर?"

हे एबीएस प्रकरण मला त्याने तिथेच समजावले. जोरात ब्रेक दाबला की चाक फिरायचे थांबते आणि घसरते. घसरणाऱ्या चाकाला दिशा देता येत नाही, आणि तोल जातो. एबीएसमध्ये चाकाजवळचे यंत्र त्याचा वेग क्षणोक्षणी मोजत असते. चाक अडकू लागले की ब्रेकचा दाब किंचित सैल करते, पुन्हा आवळते, पुन्हा सैल करते, आणि हे सेकंदात अनेकवार. चाक फिरत राहते, हँडल हाताशी राहते. हे दोन्ही गाड्यांच्या दोन्ही चाकांना आहे. ड्यूकचे तर गाडी वळणात किती कलली आहे हेही हिशेबात धरते. "पण चिखल तो चिखलच," पुतण्या म्हणाला. "हे यंत्र चूक थोडी माफ करतं, सगळी नाही." हे वाक्य त्याने बोलून दाखवले तेव्हा माझे अर्धे मत तयार झाले.

नारायणगावला मिसळ खाल्ली. हे गाव तमाशाचे माहेरघर, विठाबाईंचे गाव. चहा घेऊन आम्ही गाड्यांची अदलाबदल केली. आळेफाट्याला डावीकडे वळून ओतूरच्या दिशेने निघालो आणि रस्ता मोकळा झाला. एका बाजूला द्राक्षांचे मांडव, टोमॅटोचे मळे, दूर डोंगरांची निळी रांग. इथे मला ड्यूक कळली. मूठ जराशी पिळली की ती झेप घेते. क्लच न दाबता गिअर पडतो. वळण दिसले की तिथे नजर टाकावी, गाडी आपण होऊन तिथे वळलेली असते. पंधरा मिनिटे मी चक्क पंचवीस वर्षांचा झालो होतो. सोळाव्या मिनिटाला काट्याकडे, नव्हे, पडद्याकडे पाहिले आणि दचकून वेग कमी केला. वेग इतका वाढला आहे हे तिने मला जाणवूच दिले नव्हते. तरुण वाचकांच्या आईवडिलांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

पिंपळगाव जोग्याचे पाणी चमकू लागले आणि पाठोपाठ माळशेज आला. पावसाळी धबधब्यांची गर्दी ओसरली होती. कड्यांवर सोनकीचा पिवळा सडा तेवढा उरला होता. रस्त्यावर कातळातून पाझरलेले पाणी, मध्येच धुक्याचा लोट, खाली कोकणची दरी. शतकानुशतके घाट आणि कोकण यांचा व्यापार याच डोंगरधारेवरून उतरला. इथून जवळच्या नाणेघाटात सातवाहनकाळचा शिलालेख आजही आहे. या उतारावर दोन्ही गाड्या सारख्याच विश्वासाने उतरल्या. ड्यूक वळणे कापत गेली, स्पीड त्याच वळणांतून गप्पा मारत गेली, एवढाच फरक.

संध्याकाळी परतलो तेव्हा वहिनी गॅलरीत उभ्या होत्या. किती वेळ, ते मी विचारले नाही. दादा मात्र जिना उतरून खाली आले. दोन्ही गाड्यांभोवती फिरले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ओल्यात चाक अडकतं का?" पुतण्याने मला सांगितले होते तेच त्यांना सांगितले, शेवटच्या वाक्यासकट. दादांनी मान हलवली. मग पाय ओढत ते ड्यूकपाशी गेले आणि मागे बसायचा प्रयत्न करू लागले. मागची सीट उंच आणि आटोपशीर. गुडघा साथ देईना. मग स्पीडपाशी गेले. माझ्या खांद्यावर हात ठेवून उजवा पाय पलीकडे टाकला, डावा कसाबसा पायखुटीवर ठेवला, आणि बसले. पंचवीस वर्षांनी.

"हळू चालव रे," वरून वहिनींचा आवाज आला. आम्हांला जे हवे होते ते या तीन शब्दांत आले.

पाडव्याला स्पीड दारात आली.

आता ज्यांना अशी गाडी घ्यायची आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. एकट्याने हिंडायचे असेल, घाटांची हौस असेल आणि स्वतःच्या मनगटावर ताबा असेल, तर ड्यूकसारखी गाडी नाही. रोज गर्दीतून कामावर जायचे असेल आणि मागे कोणी बसणार असेल, तर स्पीड बरी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी १८ टक्के आणि त्यावरच्यांवरचा ४० टक्के झाला, तेव्हा इंजिनाचा नेमका आकडा आणि रस्त्यावर येईपर्यंतची किंमत दुकानात आधी विचारून घ्यावी. आणि गाडी पाहायला एकटे जाऊ नये. मागे जो बसणार आहे, किंवा गॅलरीत जी उभी राहणार आहे, तिला बरोबर न्यावे.

दादा आता दर रविवारी मुलाच्या मागे बसून मंडईत जातात. वहिनी अजून गॅलरीत उभ्या राहतात. फक्त हल्ली हातात भाजीची पिशवी तयार ठेवतात, आणि विसरलेली कोथिंबीर आणायला दोघांना पुन्हा पिटाळतात.