गंज
(एस. वाय. बी. ए.)

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि माझी फी येते ती एका जुन्या मारुती ओम्नीच्या चाकांवरून. बाबा तिच्यातून शाळेची मुले नेतात. पण आमच्या रत्नागिरीची खारी हवा पत्र्याला मानवत नाही. दिवाळीच्या सुट्टीत पाहिले, तर डाव्या दाराच्या खालच्या कडेला रंगाला फोड आलेले. पासिंगला आठ दिवस उरलेले. गॅरेजवाल्याचा आकडा ऐकून बाबा नुसतेच हसले.

"आपणच करू," मी म्हणाले. माझा बेत सोपा होता: वरून रंग फासायचा!

बाबांनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पत्रा ठोकून पाहिला. आवाज टणक आला. "भोक नाय पडलेलं. वरवरचाच आहे, पण रंगाखालून पसरलाय, बाय."

तोंडाला रुमाल बांधून, तारेचा ब्रश आणि ८० नंबरचा पॉलिश पेपर घेऊन बसले. डाग दिसत होता रुपयाएवढा. खरवडत गेले तसा रंग पापुद्र्यांनी सुटला आणि तळहाताएवढा पत्रा उघडा पडला. मी घाबरले. आपण गाडी सुधारतो आहोत की बिघडवतो आहोत? बाबांचे एकच, "काळा ठिपका दिसतो तोवर घास."

शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "कॉलेजात हेच शिकवतात काय गो?"

"नाय, हे मी शिकवतोय," बाबा म्हणाले.

संध्याकाळी पत्रा चकाकला. बाबा स्टेशनच्या भाड्यावर गेले होते. मी दमले होते. म्हटले, प्रायमर उद्या. सकाळी पाहते तो त्यावर तांबूस साय! उघड्या लोखंडाला रात्रीचे दव पुरले होते. मला रडूच आले. बाबा रागावले नाहीत. १२० नंबरचा कागद काढून शेजारी बसले. थिनरने पुसून दुपारच्या आत रेड ऑक्साइडचा पहिला हात मारला. पुढे दुसरा हात, पातळ लांबी, पाणी लावून ४०० नंबरचा वॉटर पेपर, मग रंग.

सुट्टी संपली तरी नखांतला रेड ऑक्साइड निघाला नव्हता. पहिल्या तासाला मी हात ओढणीखाली लपवले. मैत्रिणीने विचारले, "मेंदी?" मी हो म्हणाले. घरी येऊन बाबांसमोर जेवायला बसले तेव्हा त्यांच्या नखांतही तोच रंग होता.

पासिंग झाले. पांढऱ्याला पांढरा काही जुळला नाही. ते दार इतर गाडीहून उजळ दिसते. काल धुताना उजव्या दाराखाली बारीकसा फोड हाताला लागला. ८० नंबरचा अर्धा कागद अजून शिल्लक आहे.