शेपर्डला दुसरा सामना मिळायला हवा होता

प्रिय मकरंद,


मुलांच्या बेसबॉल संघाला शिकवायचं तू अंगावर घेतलंस, फार आनंद झाला. तुझ्या वॉशिंग्टनच्याच जुन्या सेनेटर्स संघातल्या बर्ट शेपर्डबद्दल मुद्दाम लिहितो आहे.

शेपर्ड मूळचा इंडियानाचा, डावखुरा पिचर. युद्धात तो पी-३८ विमानं चालवू लागला. मे १९४४ मध्ये त्याचं विमान जर्मनीत पाडलं गेलं. लाडिस्लाउस लॉइडल या शत्रुपक्षाच्याच डॉक्टरने त्याचा जीव वाचवला, पण उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. युद्धकैद्यांच्या छावणीत एका कॅनेडियन कैद्याने त्याला कामचलाऊ पाय बनवून दिला, आणि त्याच पायावर शेपर्डने पुन्हा चेंडू हातात घेतला. चेंडू सोडताना डावखुऱ्या पिचरचा सगळा भार पुढच्या, म्हणजे उजव्याच पायावर येतो. तो काय जिद्दीचा असेल, हे तुला वेगळं सांगायला नको.

कैद्यांच्या अदलाबदलीत तो मायदेशी परतला. युद्धखात्याच्या रॉबर्ट पॅटरसन यांनी संघमालक क्लार्क ग्रिफिथ यांच्याकडे शब्द टाकला आणि त्याला संघात घेतलं गेलं. ४ ऑगस्ट १९४५ रोजी बॉस्टन रेड सॉक्सने चौथ्या इनिंगमध्ये १२ धावा झोडपल्या, तेव्हा कुठे शेपर्डला बोलावणं आलं. समोरच्या मेटकोविचला त्याने स्ट्राइक-आउट केलं आणि मग सामना संपेपर्यंत तोच टाकत राहिला. पाच इनिंगहून थोडं अधिक, तीन हिट, एक धाव. सामना सेनेटर्सनी १५-४ असा गमावला.

शेपर्डच्या आधी आयर्लंडमध्ये जन्मलेला जो क्लिअरी टाकत होता. त्याने एकाला बाद केलं आणि सात धावा दिल्या. मेजर लीगमध्ये दोघेही पुन्हा कधी दिसले नाहीत. नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी शेपर्डच्या नावावर १.६९ आहे, क्लिअरीच्या नावावर १८९.

सेनेटर्सचं त्या मोसमातलं लीगचं विजेतेपद दीड सामन्याच्या फरकाने हुकलं. अशा चुरशीत धोका पत्करणं अवघड असतं, हे मान्य. तरीही मला वाटतं, शेपर्डवर अन्याय झाला. त्याने सहानुभूती मागितली नव्हती. मैदानावर काम चोख करून दाखवलं होतं. आणि एका वाईट दुपारवरून क्लिअरीची पारख करणंही तितकंच चूक.

म्हणून तुला एवढंच सांगणं: तुझ्या संघातल्या कुठल्याही मुलाला एकाच सामन्यावरून जोखू नकोस. प्रत्येकाला दुसरी संधी दे.

तुझा,
काका