तिसऱ्या दिवसाचा केक

कोरडेपणाशी माझा परिचय जुना आणि व्यवसायातला आहे. महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या माणसाला, कोरडे व्याख्यान म्हणजे काय, हे दुपारच्या तासाला समोरच्या चेहऱ्यांवर स्पष्ट वाचता येते. पण केकच्या कोरडेपणाचा विचार कधी करावा लागेल, असे मला वाटले नव्हते. त्यातून आमचे नंदुरबार! उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, पथारीवर पसरलेली लाल मिरची बघता बघता वाळते. अशा गावात केक मऊ ठेवण्याचा हट्ट कोण धरील? आमच्या घराने तो धरला, आणि त्याचे कारण आई.

वडील गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आली. दात गेलेले, कवळीशी वैर. ज्वारीची भाकरी चावत नसे. मऊ भात टाकू म्हटले, की “माझ्यासाठी वेगळे काही नको” हे ठरलेले उत्तर. निम्मे ताट तसेच राही. ती खंगत चालली होती आणि आम्ही नुसते बघत होतो. धाकट्याच्या वाढदिवसाला पत्नीने रव्याचा केक केला. त्यात अंडे नाही, ही खात्री करून घेऊन आईने एक तुकडा खाल्ला, मग दुसरा. “कितला मऊ शे!” ती अहिराणीत म्हणाली. दोन दिवसांनी मात्र तोच केक ती आमच्याकडे पाठ करून, चहात बुडवून खात होती.

पत्नीने ते पाहिले. केक ‘आईंसाठी वेगळा’ नव्हता, सगळ्या घराचा होता. म्हणूनच तो त्यांना चालत होता. तेव्हा तो तिसऱ्या दिवशीही मऊ राहिला पाहिजे, असे तिने ठरवले.

पदार्थातले पाणी उडते म्हणून तो कडक होतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. १८५२ साली बूसँगो ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की पाणी उडू दिले नाही तरी पाव शिळा होतो आणि गरम केला की पुन्हा मऊ पडतो. भाजताना पाणी पिऊन फुगलेला स्टार्च निवल्यावर पुन्हा घट्ट बांधला जातो, आणि फ्रीजच्या गारव्यात ही क्रिया फार वेगाने होते. पटत नसेल तर फ्रीजमधला रात्रीचा भात सकाळी पाहा. शिते कशी ताठ बसलेली असतात!

पत्नीची रीत आता ठरून गेली आहे. बारीक रवा आणि दही समभाग घेऊन अर्धा तास झाकून ठेवायचे, म्हणजे रव्याची तहान भाजण्यापूर्वीच भागते. तुपाऐवजी तेल घ्यायचे. थंडीत तूप थिजते, तेल पातळच राहते. साखरेत काटकसर नाही, कारण साखर गोडीबरोबर पाणीही धरून ठेवते. सोडा अगदी शेवटी. शिटी आणि रबर काढलेल्या जुन्या कुकरात, मिठाच्या थरावर केक भाजायचा. सुरीला ओलसर कण चिकटून आले, की गॅस बंद. सुरी लख्ख कोरडी निघेपर्यंत थांबले, तर केकही तसाच निघतो. मग तो कोमट झाला, की झाकणाच्या डब्यात. गरम असताना झाकला, तर वाफेचे पाणी होऊन तो चिकट होतो. हिवाळ्यात असा केक तीन दिवस बाहेर राहतो. उन्हाळ्यात मात्र तुकडे नीट गुंडाळून बर्फाच्या कप्प्यात ठेवायचे आणि लागेल तसे ऊन करून घ्यायचे.

ह्या केकच्या गुणाला नेमका शब्द कोणता, हा माझा अभ्यासविषय! ‘ओला’ म्हटले तर कच्चा वाटतो, ‘दमट’ म्हणजे पावसाळ्यातले कपडे. ‘लुसलुशीत’ जवळ येतो, पण मऊपणाच सांगतो, आतले पाणी सांगत नाही. ‘ओलावा’ हा शब्द मात्र आपण माणसांसाठी राखून ठेवलेला आहे. तो केकला दिल्यास भाषेचा अपमान होईल, असे मला वाटत नाही.

आई अजूनही वेगळे काही मागत नाही. पण दुपारी चार वाजता, सगळे आपापल्या कामात असताना, स्वयंपाकघरात डब्याचे झाकण हळूच वाजते. पत्नी माझ्याकडे पाहते, आणि आम्ही दोघेही तिकडे जात नाही.